आपलेच दात, आपलेच ओठ

९ मार्च

आज हात हलला.

वरच्या कवळीचे पुढचे दोन दात मेणात बसवत होते. एकोणीस वर्षं लॅबमध्ये हेच करते आहे, झोपेतसुद्धा बसवीन. डावा दात ठेवला तर तो सरकला. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला. म्हटलं, मेण नीट तापलं नसेल. मेणाला काय धाड भरलीय! हलत होते ती मीच.

मालकांनी बघितलं. बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

१० मार्च

सकाळी लॅब उघडते तेव्हा हात बरा असतो. नऊनंतर बिघडायला लागतो. दुपारी डबा खाताना पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागला.

१४ मार्च

डॉक्टरकडे जाऊन आले. हा नवा. बोलताना हातातल्या पेनाचं बटण खटखट दाबत असतो आणि बघतो कागदाकडे. आई गेल्यावर मला उठावंसं, आंघोळ करावीशी, कुणाशी बोलावंसं वाटेना, तेव्हा जानेवारीत याच्याकडे गेले होते. त्याने उदासीवरची गोळी दिली. खोटं कशाला बोलू, गोळीने उठले मी. मग फेब्रुवारीत त्याने ती दुप्पट केली.

"हात थरथरतो," म्हटलं.

खटखट. "होतं कधी कधी. दुसरं काही औषध चालू आहे?"

"नाही."

"जुन्या आजाराचं?"

"ते थेंब बंद होऊन दोन वर्षं होतील मे महिन्यात," मी म्हटलं. अगदी ताठ मानेने. त्याने लिहून घेतलं. म्हणाला, "महिनाभर बघू."

ही ताठ मान एवढीच माझी कमाई. साडेतीन वर्षांपूर्वी लॅबमधले जबडे माझ्याशी बोलायला लागले होते. पेशंटच्या तोंडाचा ठसा येतो, त्यात प्लास्टर ओतून आम्ही जबडा काढतो. असले पन्नास-साठ पांढरे जबडे फळ्यांवर कायम असतात. रोज दार उघडलं की खालच्या फळीवरचा एक म्हणायचा, "आलीस?" मग बाकीचे हसायचे. पाच आठवडे हॉस्पिटलात काढले. नवऱ्याने त्याच पाच आठवड्यांत आपलं चंबूगबाळं हलवलं. इतकी तत्परता त्याने लग्नात कधी दाखवली नव्हती! मी बाबांकडे राहायला आले. मग वर्ष-दीड वर्ष थेंब. जुन्या डॉक्टरांनी ते हळूहळू कमी करून बंद करायला सांगितले, बाबांनी तसं केलं, आणि जबडे गप्प झाले ते झालेच. थेंबांशिवाय! नवरा गेला, घर गेलं, पण हे माझं मी मिळवलं. हे कुणाच्या बापाचं नाही.

२ एप्रिल

बसवत नाही. पायात कुणीतरी किल्ली भरून ठेवली आहे. बसले की उठते, उठले की चालते. आज रविवार, दुपारभर खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत. वहिनी फोनवर दादाला सांगत होती (दादा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातून चार दिवस घरी) — "परत सुरू झालंय वाटतं हिचं." हळू बोलत होती. भिंती पातळ आहेत या घराच्या, हे ती पंधरा वर्षांत शिकली नाही.

११ एप्रिल

लिहू की नको?

दोन महिने पाळी नाही. त्रेचाळीसचं वय, म्हटलं, संपलं असेल. आज लॅबमध्ये ब्लाउजवर दोन ओले डाग. आधी वाटलं, पाणी उडालं. पाणी नव्हतं. दूध!

मला, जिने एक मूल पोटात धरलं नाही. संडासात जाऊन बसले आणि हसू आलं. नंतर रडू आलं. नंतर रुमाल आत घालून बाहेर आले आणि तीन कवळ्या घासून चकचकीत केल्या.

कुणाला सांगायचं? सांगितलं तर म्हणतील, आता हिला दूधही यायला लागलं!

१९ एप्रिल

एका म्हाताऱ्याची कवळी परत आली. चावताना डावी बाजू आधी टेकते म्हणे. माझ्या हातची कवळी परत आली! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मालक म्हणाले, "बाई, थोडे दिवस प्लास्टर ओता. हाताला आराम." हाताला आराम की माझ्या खुर्चीला? माझ्या टेबलावर आता कालचा आलेला माणूस बसतो. माझा मेणाचा दिवा, माझे चिमटे. मी बादलीपाशी, प्लास्टर ढवळते. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना. माझ्याकडे दातांची खोकी भरलेली आहेत आणि बसवायला हात नाही.

मालकांनी मुदतही दिली आहे, गोड शब्दांत. "जूनअखेर बघू." म्हणजे जूनअखेर घरी.

२३ एप्रिल

भाजीची सुरी ड्रॉवरमधून गायब. मोठी कात्रीही. वहिनीने उचलून ठेवली, माझ्यापासून. अगं बाई, माझ्याकडे कामावर अकरा सुऱ्या आहेत! त्यातल्या चार तुझ्या सुरीपेक्षा धारदार!

या घरात एकच माणूस मला माणूस समजतो. बाबा रोज सकाळी सातला चहा करतात. आई होती तेव्हाही सकाळचा चहा त्यांचाच. शाळेच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं सहायक होते, अजून पाणी मापाच्या भांड्याने घेतात, साखरेचा चमचा बोटाने सपाट करतात. सगळ्यांचे कप पांढरे, माझा निळा. तो स्वतः आणून हातात देतात आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहतात. कोण बसतं असं कुणापुढे? हल्ली चहा सांडतो, तर ते खाली बशी धरतात. विचारत काही नाहीत. दिवसातली तेवढी पंधरा मिनिटं मी कुणाची तरी आहे असं वाटतं.

२४ एप्रिल

पेनवाल्याकडे गेले. थरथर, चालणं, पाळी सगळं सांगितलं. दुधाचं सांगताना जीभ जड झाली. हल्ली जीभही जडच असते. त्याने पहिल्यांदा वर बघितलं. म्हणाला, "नुसत्या या गोळीने इतकं होत नाही सहसा. नक्की दुसरं काही घेत नाही ना? पावडर, काढा, कुणी दिलेलं काही?"

"नाही म्हटलं ना!" ओरडलेच मी. त्याने लिहिलं. काय लिहिलं ते उलटं वाचता आलं — 'चिडचिड'.

रक्ताची तपासणी लिहून दिली. थोरल्या बहिणीकडे जाऊन आल्यावर करीन.

५ मे

थोरल्या बहिणीकडे आले. मालकांनी रजा लगेच दिली. लगेच दिली हेच लागलं.

थोरलीकडचा चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. पण दोन कप प्यायले, ती बोलत होती म्हणून.

९ मे

काल दुपारी एका जागी बसून आख्खी बटाट्यांची टोपली सोलली. उठले नाही! थोरली म्हणाली, "तुला काय झालंय असं फोनवर सांगत होते? धडधाकट तर आहेस."

१२ मे

सुईत दोरा ओवला. पहिल्या फटक्यात! मग काढून पुन्हा ओवला. पाच वेळा. थोरलीचा हसून जीव गेला.

गोळी रोज घेते आहे, रात्रीची, न चुकता. म्हणजे गोळीचा दोष नाही.

१४ मे

घरी. हात थांबलेला, आता रक्ताची तपासणी कशाला? बाबांना दाखवला. ते हातात हात धरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हवापालट मानवला." डोळे भरले होते त्यांचे.

१९ मे

परत! पाचव्या दिवशी परत! दुपारी झाकण उघडताना प्लास्टरची पिशवी सांडली.

म्हणजे काय? तिकडे बरी, इकडे आजारी. गोळी तीच, मी तीच. बदलतं काय? घर. जेवण. माझं ताट वहिनी वेगळं वाढून झाकून ठेवते, मी उशिरा येते म्हणून. किती मायाळू!

नाही. असा विचार करायचा नाही. हा विचार कुठल्या रस्त्याला जातो ते मला माहीत आहे. मी त्या रस्त्याने जाऊन आले आहे.

२२ मे

पण हिशेब बरोबर आहे. कुठूनही मांडला तरी तोच येतो.

२४ मे

आज दादा आलेला. सगळे जेवायला बसलो. ताट पुढे आलं आणि तोंडातून निघून गेलं — "वहिनी, तू माझ्या जेवणात काय घालतेस?"

वहिनीच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग ती रडायला लागली. "पंधरा वर्षं घातलं, तेच घालते!" दादा म्हणाला, "मागच्या वेळीसुद्धा अशीच सुरुवात झाली होती." माझ्याकडे न बघता म्हणाला, जणू मी खोलीत नाहीच.

मी बाबांकडे बघितलं. वाटलं, एक तरी शब्द बोलतील. ते पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. नुसते बघत होते.

२६ मे

पेनवाल्यापुढे वरात. दादा, वहिनी, मी.

"घरच्यांवर संशय येतो?" खटखट.

मी म्हटलं, "ऐका तरी! थोरलीकडे हात थांबला होता..."

"आणखी कुणी काही करतंय असं वाटतं?"

मी गप्प बसले. गप्प बसणंही लिहून घेतलं त्याने. एकदा डोक्याचा आजार झाला की माणसाचं खरं बोलणंही लक्षणात जमा. पाय मोडलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की बाबा, तुझा पाय खरंच दुखतो की तुला तसं वाटतं?

त्याने एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली. जुन्या थेंबांच्याच जातीची. म्हणजे माझी दोन वर्षं संपली. एका ओळीत, वळणदार अक्षरात.

घरी वहिनी समोर उभी राहिली. मी गोळी गिळली, तोंड उघडून दाखवलं. तिने मान फिरवली. तिलाही बघवलं नसावं.

३१ मे

आज लिहिता येतंय. काल लिहिता येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं.

काल सकाळी लॅबमध्ये मान एका बाजूला ओढली जायला लागली. मग जबडा. खालचा जबडा डावीकडे गेला आणि तिथेच अडकला, तोंड उघडं, जीभ बाहेर. मी, जिने हजारो जबडे हाताळले, तिला स्वतःचा जागेवर आणता येईना! मालकांनी घाम पुसत बाबांना फोन केला आणि मला गाडीत घातलं. हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण अर्धा डबा टाकून धावत आली. सुई दिली. दहा मिनिटांत जबडा सुटला. लाळेने गळा भिजला होता. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तोवर बाबा आले होते. ती डॉक्टरीण त्यांना विचारत होती, "या दोन गोळ्या कळल्या. तिसरं काय चालू आहे? नीट आठवा. चुकीचं सांगितलंत तर पुढच्या वेळी गळा आवळेल."

बाबांनी खिशातून रुमालाची गाठ काढली. सोडली. त्यात थेंबांची बाटली होती.

"दहा थेंब," ते म्हणाले. "सकाळी. चहातून."

"केव्हापासून?"

"थांबवलेच नाहीत मी."

निळा कप. मी संपवेपर्यंत समोर बसणं. खाली धरलेली बशी.

१ जून

डॉक्टरिणीने कागदावर काढून समजावलं. दहा थेंब एकटे होते तोवर निभत होतं. शरीर ते रोज बाहेर टाकत होतं. जानेवारीत आली उदासीची गोळी. ती ते बाहेर टाकण्याचं कामच अडवून धरते. म्हणजे मोरीची जाळी तुंबावी तसं — नळ तेवढाच, पण पाणी चढत जातं. दहाच्या जागी पंचवीस-तीस थेंबांची ताकद. थरथर, पायातली किल्ली, पाळी, दूध, सगळं त्याचंच. आणि त्यावर पेनवाल्याची पांढरी गोळी, सख्ख्या भावासारखी! पांढरी गोळी तिने तूर्त थांबवली, थेंब निम्मे करून वहिनीच्या हाती दिले.

"कुणी एकाने जरी सगळं एका ठिकाणी सांगितलं असतं..." ती म्हणाली.

मी सांगितलं होतं की. मला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं होतं.

३ जून

वहिनीची माफी मागितली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. ती म्हणाली, "मीही सुरी लपवली होती." मग दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. तिने डब्यामागून सुरी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. कात्री कुठे ठेवली ते तिला आठवेना. तेवढ्यात जरा हसलो.

बाबांशी बोलत नाही.

५ जून

सकाळी चहा आणला. "यात काही नाही," म्हणाले. मी कप मोरीत ओतला, त्यांच्यासमोर. त्यांनी कप विसळून ठेवला. वाईट वाटलं का? वाटलं. तरी उद्याही ओतीन.

८ जून

शेवटी विचारलं. का?

म्हणाले, "तसे बंद केले होते. अकरा दिवस. बाराव्या दिवशी तू जेवताना भिंतीकडे बघून हळूच म्हणालीस, 'गप्प बस.' तुझी आई आत होती, तिने ऐकलं नाही. मी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा टाकले. तू इतकी खूश होतीस गं... थेंब सुटले, थेंब सुटले म्हणून सगळ्यांना सांगत होतीस. तुला कसं सांगणार होतो?"

"आणि मी वहिनीवर आळ घेतला तेव्हा?"

"तेव्हा भ्यालो."

"गोळीबरोबर चालतात का, हे तरी विचारायचं!"

"चोरून दिलेलं कुणाला विचारणार?"

मला आठवत नाही. 'गप्प बस' मी म्हटलं होतं? कुणाला? साक्षीदार एक, आणि तोच आरोपी. आपलेच दात, आपलेच ओठ. मी मारू कुणाला?

माझा राग थेंबांवर नाहीच. मी दोन वर्षं ताठ मानेने फिरले. थोरलीला सांगितलं, मालकांना सांगितलं, नवऱ्याला पत्र लिहून कळवलं की बघ, मी बरी आहे, औषधाशिवाय! आणि बाबा रोज सकाळी समोर बसून बघत होते की ही संपवते की नाही. त्यांनी माझी एकुलती एक कमाई घेतली. जी कधी नव्हतीच, ती.

१५ जून

पेनवाला आज पेनाला हात लावत नव्हता. पांढरी गोळी कायमची बंद. उदासीची गोळी बदलली, ही नवी थेंबांच्या आड फारशी येत नाही म्हणे. मग म्हणाला, "थेंबांचं काय करायचं? तुम्ही दोन वर्षं त्यांच्यामुळे बऱ्या होतात की आपोआप, हे मला सांगता येणार नाही. ठेवायचे म्हणालात तर कमी मात्रेत ठेवू. सोडून बघायचे म्हणालात तर हळूहळू सोडू. पण मग डोळे उघडे ठेवायचे."

पहिल्यांदा मला कुणी विचारलं! म्हटलं, सोडायचे.

त्याने बाटली पाकिटात घालून माझ्या हातात दिली, माझ्याच. "जुनं काही परत जाणवलं तर त्याच दिवशी पाच थेंब आणि मला फोन. वाट बघायची नाही. लपवायचं नाही."

"हे आमच्या घरी सांगा," म्हटलं मी.

३० जून

हात थांबला. मालकांनी खालची एक कवळी करायला दिली, परीक्षा म्हणून. परीक्षा!

१८ जुलै

शेवटचा थेंब काल संपला. आता कपात फक्त चहा, आणि तो माझा मी करते. निळा कप कपाटात मागे सारला आहे. बाबा सातला उठतात, स्वयंपाकघराच्या दारात येतात, मी उभी असलेली बघून परत जातात.

४ ऑगस्ट

माझं टेबल परत मिळालं. माझे चिमटे. त्या माणसाने मेणाचा दिवा काळा करून ठेवलाय, गाढव कुठला!

२ सप्टेंबर

पाळी आली. इतकी वर्षं हिला शिव्या दिल्या.

११ ऑक्टोबर

शहाऐंशी दिवस. मोजते. रोज सकाळी दार उघडून आधी खालच्या फळीकडे बघते. प्लास्टर आहे, नुसतं प्लास्टर. बघितलंत, बाबा?

त्यांना मुद्दाम सांगितलं, "शहाऐंशी." ते म्हणाले, "हो, मीही मोजतो." त्यांनी असं म्हटलं याचा राग आला, आणि तो दिवसभर पुरला.

२९ ऑक्टोबर

झोप कमी झाली आहे. काम खूप आहे म्हणून असेल.

५ नोव्हेंबर

रेडिओ बंद करायला उठले. रेडिओ लावलेलाच नव्हता. शेजारचा असेल.

१७ नोव्हेंबर

सकाळी लॅबचं दार उघडलं. खालच्या फळीवरून — "आलीस?"

बाकीचे अजून हसले नाहीत.

पेनवाल्याला फोन केला, चारला बोलावलंय. मालकांना सांगून घरी आले. बाबा पेपर वाचत होते. म्हटलं, "बाबा, चहा टाका." ते काही न विचारता उठले. मापाच्या भांड्याने पाणी घेतलं. मागे सारलेला निळा कप काढून धुतला. मी पाकिटातली बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांचा हात थरथरत होता, मी खाली बशी धरली.

"पाच," म्हटलं. "मोठ्याने मोजा."